कॉम्प्युटर चालू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी तो कुठे अडकलाय ते शोधा

फोन बिघडला की आपण लगेच दहा उपाय शोधून बघतो. पण घरातला कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप चालू झाला नाही, की बहुतेक जण थेट दुकान गाठतात. तिथे बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं: "विंडोज गेलीये, फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट मारल्यावर मशीन चालू होईलही, पण त्यासोबत कॉलेजचा प्रोजेक्ट, ताईच्या लग्नाचे फोटो आणि बाबांच्या दुकानाचे हिशेबही कायमचे जाऊ शकतात.

'चालू होत नाही' या एका वाक्याच्या मागे अनेक वेगवेगळे बिघाड असतात. कधी वायर सैल असते, कधी रॅम नीट बसलेली नसते, तर कधी एखादा अपडेट अर्धवट झालेला असतो. यातल्या बऱ्याच बिघाडांत तुमच्या फाइल्स डिस्कवर जशाच्या तशा असतात, फक्त तिथपर्यंत पोहोचायचा रस्ता बंद झालेला असतो. म्हणून आधी कॉम्प्युटर नेमका कुठे अडकलाय ते शोधायचं आणि मगच हात घालायचा. हे कसं करायचं, ते या लेखात क्रमाने पाहूया. लेख मुख्यतः विंडोज १० आणि ११ असलेल्या मशीनसाठी आहे.

बटन दाबल्यावर आत काय होतं?

पॉवरचं बटन दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत पाच टप्पे असतात. रिले शर्यतीसारखं समजा. एकाने काठी पुढच्याच्या हातात दिली, तरच पुढचा पळतो.

१. वीज: डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस आणि लॅपटॉपमध्ये चार्जर-बॅटरी मदरबोर्डला वीज देतात. लाईट लागते, पंखा फिरतो.

२. तपासणी: मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला बायोस म्हणतात, नव्या मशीनमध्ये त्याची जागा यूईएफआयने घेतलीये. तो प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स ठीक आहेत का ते बघतो. सगळं ठीक असेल तर स्क्रीनवर कंपनीचा लोगो येतो.

३. डिस्कचा शोध: विंडोज कुठल्या डिस्कवर आहे ते हाच प्रोग्रॅम शोधतो.

४. विंडोज लोड होणं: डिस्कवरच्या फाइल्स आणि ड्रायव्हर रॅममध्ये येतात. गोल फिरणारे ठिपके दिसतात ते याच वेळी.

५. लॉगिन: पिन किंवा पासवर्ड टाकल्यावर डेस्कटॉप येतो.

आता तुमचा कॉम्प्युटर कुठल्या टप्प्यावर थांबतो ते बघा:

- लाईट नाही, पंखा नाही, आवाज नाही: टप्पा १
- पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच, किंवा बीप वाजतात: टप्पा २
- लोगो येतो, मग 'नो बूटेबल डिव्हाइस' असा मेसेज येतो: टप्पा ३
- ठिपके फिरत राहतात, निळी स्क्रीन येते किंवा मशीन सारखं रिस्टार्ट होतं: टप्पा ४
- पासवर्ड टाकल्यावर काळी स्क्रीन आणि फक्त माऊसचा बाण: टप्पा ५

याचा एक मोठा फायदा आहे. टप्पा १ किंवा २ वर अडकलेल्या मशीनने अजून विंडोजला हातही लावलेला नसतो. मग तिथे फॉरमॅट मारून काय होणार? मशीन पंखा फिरवून थांबतंय आणि लोगोही येत नाही, तरी कुणी "विंडोज टाकू" म्हणालं, तर तो उपाय चुकीच्या जागी आहे हे तुम्हाला लगेच कळेल.

सुरुवात करण्याआधी

हातातला फोन इथे खूप कामाला येतो. त्याचा कॅमेरा तयार ठेवा. स्क्रीनवर येणाऱ्या प्रत्येक मेसेजचा फोटो काढा. मेसेज क्षणभर दिसून जात असेल, तर व्हिडिओ काढून नंतर थांबवून वाचा. कॅबिनेट उघडणार असाल, तर एकही वायर काढण्याआधी आतला फोटो घ्या, म्हणजे परत जोडताना गोंधळ होत नाही.

तीन नियम पाळा:

- एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मशीन चालू करून बघा. पाच गोष्टी एकदम बदलल्या, तर बिघाड कशात होता ते कळत नाही.
- आतल्या भागांना हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून वायर काढा. कॅबिनेटच्या धातूच्या भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, मगच रॅमला हात लावा.
- लॅपटॉप किंवा कॅबिनेट वॉरंटीमध्ये असेल तर उघडू नका. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

टप्पा १: अजिबात जीव नाही

आधी भिंतीकडे बघा. त्याच सॉकेटमध्ये फोनचा चार्जर लावून तो चालतो का ते तपासा. एक्स्टेंशन बोर्ड किंवा स्पाईक गार्ड बाजूला काढून वायर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. यूपीएस असेल तर तोही वगळून बघा, कारण बॅटरी संपलेला यूपीएस पुढे वीज सोडत नाही.

डेस्कटॉप असेल तर:

- कॅबिनेटच्या मागे, जिथे वायर लागते त्याच्या शेजारी एक छोटा स्विच असतो. साफसफाई करताना तो हमखास बंद होतो.
- मागची पॉवर केबल घट्ट दाबा. मॉनिटरची तशीच केबल असेल तर अदलाबदल करून बघा.
- कॅबिनेट उघडता येत असेल तर मदरबोर्डमध्ये जाणारा २४ पिनांचा मोठा प्लग आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा छोटा प्लग घट्ट बसलाय का ते बघा.
- लाईट गेल्या-आल्याच्या वेळी मशीन बंद पडलं असेल, किंवा जळका वास आला असेल, तर संशय एसएमपीएसवर घ्या. तो बदलायला सोपा असतो, पण त्याचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठून राहते.

लॅपटॉप असेल तर:

- चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. आता पॉवरचं बटन ३० सेकंद दाबून ठेवा. मग फक्त चार्जर लावून चालू करा. आत अडकून राहिलेली वीज निघून गेल्यामुळे अनेक लॅपटॉप एवढ्यानेच उठतात.
- बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर अर्धा तास चार्जिंगला लावून मग प्रयत्न करा.
- टाइप-सीने चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर त्याच्याच चार्जरने तपासा. फोनच्या चार्जरवर ६७ किंवा ८० वॉट लिहिलेलं असलं, तरी तेवढी ताकद अनेकदा फक्त त्याच कंपनीच्या फोनला मिळते. लॅपटॉपच्या वाट्याला त्यातली थोडीच येते.
- टचपॅड वर उचललं गेलंय, किंवा खालचं झाकण फुगलंय असं दिसलं तर तिथेच थांबा. बॅटरी फुगलेली आहे. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. सर्व्हिस सेंटरमधून ती बदलून घ्या.

पाणी किंवा चहा सांडला असेल, तर 'चालू होतंय का बघू' म्हणून बटन दाबण्याचा मोह टाळा. ओलाव्यात वीज गेली की शॉर्ट सर्किट होतं. चार्जर काढा, लॅपटॉप बंद ठेवा आणि दुकानात उघडून साफ करून घ्या. तांदळात ठेवून आतलं पाणी निघत नाही, पीठ आणि धूळ मात्र आत जाते.

टप्पा २: पंखा फिरतो, स्क्रीन काळी

इथे पहिला प्रश्न: मशीन बंद आहे, की फक्त स्क्रीन? कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याची लाईट चालू-बंद होत असेल, तर मशीन आतून जागं असण्याची शक्यता आहे. लॅपटॉप असेल तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर चित्र आलं, तर बिघाड लॅपटॉपच्या स्क्रीनमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये आहे. तुमचा डेटा तुमच्या समोरच आहे, लगेच कॉपी करून घ्या.

डेस्कटॉपवर मॉनिटरची केबल कुठे लावलीये तेही बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल, तर केबल त्या कार्डाच्याच पोर्टमध्ये हवी. मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावली तर बऱ्याच मशीनवर स्क्रीन काळीच राहते.

तरीही काही दिसत नसेल तर रॅम तपासा. आपल्याकडे धूळ असते आणि पावसाळ्यात हवा दमट असते. त्यामुळे रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी संपर्क नीट जुळत नाहीत.

१. वीज पूर्ण बंद करा. रॅमच्या कडेचे क्लिप उघडून पट्टी सरळ वर काढा.
२. सोनेरी भाग मऊ, स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसा. कण झटकून टाका.
३. खाच जुळवून पट्टी परत बसवा. दोन्ही बाजूंनी 'टक्' आवाज आला पाहिजे.
४. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. स्लॉटही बदलून बघा.

अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. तिथे हा उपाय लागू होत नाही. आणि डीडीआर-५ रॅम असलेल्या मशीनमध्ये रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाबरून लगेच बंद करू नका.

बीप वाजत असतील किंवा एखादी लाईट ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर तो मदरबोर्डचा निरोप आहे. फोनवर व्हिडिओ काढा, बीप मोजा, लांब-आखूड लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीची ही भाषा वेगळी असते, त्यामुळे अर्थ तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच बघा.

टप्पा ३: लोगो येतो, पण डिस्क सापडत नाही

सगळ्यात आधी पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क असं सगळं काढा. कधीकधी कॉम्प्युटर पेनड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसतो.

मग बायोस उघडा. मशीन चालू करताच एफ-२ किंवा डिलीट हे बटन परत परत दाबा. काही कंपन्यांमध्ये एफ-१० किंवा एस्केप असतं. आत तीन गोष्टी बघा:

- यादीत तुमची हार्ड डिस्क किंवा एसएसडी दिसते का? दिसत नसेल तर डिस्कची केबल सैल आहे किंवा डिस्क खराब झालीये.
- बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला आहे का? नसेल तर वर आणा.
- तारीख आणि वेळ बरोबर आहे का? वर्ष खूप जुनं दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा बटन सेल संपलाय. डेस्कटॉपमध्ये तो बहुतेक वेळा सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो. तो संपला की बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात आणि मशीन डिस्क कुठे शोधायची ते विसरू शकतं.

माहिती नसलेल्या दुसऱ्या सेटिंग बदलू नका. आणि बायोस रिसेट करण्याआधी खाली दिलेला बिटलॉकरचा भाग जरूर वाचा.

हार्ड डिस्कमधून 'टक-टक' किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर मशीन लगेच बंद करा. परत परत चालू करून बघितल्याने डिस्क आणखी खराब होते. त्यात महत्त्वाचं काही असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्या.

टप्पा ४: विंडोज सुरू होते, पण पोहोचत नाही

इथे सगळ्यात जास्त फॉरमॅट मारले जातात. खरं तर विंडोजमध्येच दुरुस्तीची एक वेगळी खोली असते. तिला रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट म्हणतात. विंडोज सलग दोन-तीनदा नीट सुरू झाली नाही की ती आपोआप उघडते. नाही उघडली, तर लोगो आणि ठिपके दिसू लागताच पॉवरचं बटन १० सेकंद दाबून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की 'ऑटोमॅटिक रिपेअर' येतं. स्क्रीनवर अपडेटची टक्केवारी दिसत असेल तर मात्र हे करू नका, थोडा वेळ थांबा.

त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स निवडा. या क्रमाने जा:

१. स्टार्टअप रिपेअर: सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइल्स दुरुस्त करतं. तुमच्या फाइल्सना हात लावत नाही.

२. अनइन्स्टॉल अपडेट्स: अपडेटनंतर गडबड सुरू झाली असेल तर शेवटचा अपडेट काढून टाका.

३. सिस्टीम रिस्टोअर: विंडोज आधीच्या एखाद्या तारखेच्या स्थितीत जाते. फोटो, डॉक्युमेंट तसेच राहतात, पण त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात. रिस्टोअर पॉइंट आधी बनलेला असेल तरच हे चालतं.

४. सेफ मोड: स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन रिस्टार्ट करा आणि ४ दाबा. विंडोज फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालते. सेफ मोडमध्ये मशीन नीट चाललं, तर दोष बाहेरून टाकलेल्या ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅममध्ये असण्याची शक्यता जास्त. नुकताच टाकलेला प्रोग्रॅम काढा.

५. रिसेट धिस पीसी: हा शेवटचा पर्याय. यात 'कीप माय फाइल्स' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' असे दोन रस्ते असतात. पहिल्यात तुमच्या फाइल्स राहतात आणि प्रोग्रॅम जातात. दुसऱ्यात सगळंच जातं. तरीही पहिला पर्याय निवडण्याआधीसुद्धा डेटा बाहेर काढून ठेवलेला बरा.

निळी स्क्रीन आली तर घाबरू नका. विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटनंतर हीच स्क्रीन काळ्या रंगात येते. तिच्यावर स्टॉप कोड लिहिलेला असतो. त्याचा फोटो काढून तोच कोड शोधा, 'ब्लू स्क्रीन' असं नुसतं शोधून उपयोग नाही.

हे किती कामाचं आहे ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. विमानतळ, बँका, हॉस्पिटल ठप्प झाले. भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पण त्या मशीनमधला डेटा गेलेला नव्हता. अडचण एका फाइलची होती. सेफ मोड किंवा रिकव्हरीमध्ये जाऊन ती फाइल काढली की मशीन परत उठायचं. फॉरमॅटची गरज नव्हती.

एक धोकाही लक्षात ठेवा. ब्राउझरमध्ये खोटी निळी स्क्रीन दाखवून 'या नंबरवर फोन करा' असं सांगणारे ठग असतात. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. फोन करू नका, पैसे देऊ नका.

टप्पा ५: लॉगिननंतर काळी स्क्रीन

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटनं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कधीकधी स्क्रीन परत येते. नाही आली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्यात 'रन न्यू टास्क' निवडून 'एक्स्प्लोरर' सुरू करा. डेस्कटॉप आला तर आधी बॅकअप घ्या आणि मग कारण शोधा.

बिटलॉकर: ही किल्ली हरवली तर डेटा गेला

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते. याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. रोजच्या वापरात ते जाणवतही नाही. पण बायोस रिसेट झाला, मदरबोर्ड बदलला किंवा सेफ मोडमध्ये जायचं असलं, की स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती नसेल तर दुकानदारच काय, खुद्द मायक्रोसॉफ्टही तुमची डिस्क उघडून देऊ शकत नाही.

ती कुठे मिळेल?

- विंडोज सेट करताना जे मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं, त्यात फोनच्या ब्राउझरवरून लॉगिन करा. डिव्हाइसेसच्या यादीत तुमच्या मशीनखाली बिटलॉकर की दिसेल.
- खातं वडिलांच्या, भावाच्या किंवा दुकानदाराने बनवलेल्या ईमेलवर असू शकतं. सगळी तपासा.
- लॅपटॉप ऑफिस किंवा कॉलेजचा असेल तर की त्यांच्या आयटी विभागाकडे असते.

मशीन आज नीट चालत असेल तर हे काम आजच करा. की सापडली की कागदावर लिहून घरात जपून ठेवा. फक्त त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवणं.

फॉरमॅटआधी डेटा कसा काढायचा?

विंडोज उठत नाही, पण टप्पा १ आणि २ ठीक आहेत, अशा वेळी हे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवण्याचा. ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या, मित्राच्या कॉम्प्युटरवर उबुंटूची फुकट मिळणारी फाइल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्ह आधी रिकामा करावा लागतो. दुसरा कॉम्प्युटर नसेल तर ओटीजी केबल लावून अँड्रॉइड फोनवरच्या एचड्रॉइड या ॲपनेही हे करता येतं. मग बंद पडलेल्या मशीनला तो पेनड्राइव्ह लावा, बूट मेनूतून तो निवडा आणि 'ट्राय उबुंटू' वर क्लिक करा. 'इन्स्टॉल' वर अजिबात नाही, त्याने डिस्क पुसली जाऊ शकते. आता फाइल मॅनेजरमध्ये जुनी डिस्क उघडून गरजेच्या फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. बिटलॉकर चालू असेल तर इथेही तीच की लागेल.

दुसरा मार्ग डिस्क काढून घेण्याचा. हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढून, तिच्या प्रकाराला जुळणाऱ्या यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. स्वतः जमत नसेल तर दुकानदाराकडून करून घ्या.

'फॉरमॅटनंतर सॉफ्टवेअरने परत आणू' यावर विसंबू नका. एसएसडीमध्ये पुसलेल्या जागा आतून साफ केल्या जातात, त्यामुळे फॉरमॅटनंतर फाइल्स परत मिळणं जवळपास अशक्य असतं.

दुकानात न्यायचंच असेल तर

सगळं घरी होत नाही. जळका वास, पाणी सांडणं, फुगलेली बॅटरी, आवाज करणारी डिस्क आणि मदरबोर्डचा बिघाड ही कामं जाणकारानेच करावीत. पण जाताना एवढं सांगा:

- "लोगो येतो, मग अमुक मेसेज येतो" असं नेमकं वर्णन करा आणि फोनमधला फोटो दाखवा.
- "मला आधी डेटा हवाय. मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका" हे पावतीवर लिहून घ्या.
- कुठला भाग खराब आहे आणि तो कसा तपासला, हे विचारा. बदललेला जुना भाग परत मागा.
- रॅम, एसएसडी आणि सिरियल नंबरचा फोटो देण्याआधीच काढून ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून माझा कॉम्प्युटर चालू होत नाहीये का?*
नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. त्यामुळे मशीन बंद पडत नाही. कारण दुसरं काहीतरी आहे.

*व्हायरसमुळे कॉम्प्युटर बंद पडतो का?*
टप्पा ४ आणि ५ मध्ये शक्य आहे. पण पंखाच फिरत नसेल तर आधी वीज तपासा.

*शटडाऊन करूनही बिघाड तसाच का राहतो?*
'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोजचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि तोच परत उघडतो. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून छोट्या अडचणीत शटडाऊनपेक्षा रिस्टार्ट करा.

*लाईट सारखी जाते, काय करू?*
डेस्कटॉपला यूपीएस लावा. काम चालू असताना अचानक वीज गेली, तर उघड्या फाइल्स आणि अर्धवट अपडेट दोन्ही बिघडू शकतात.

मित्रांनो, मशीन आज ना उद्या बिघडणारच. एसएमपीएस, रॅम, डिस्क हे सगळं बाजारात परत मिळतं, फोटो आणि हिशेब मिळत नाहीत. त्यामुळे दोन कामं आजच उरका: महत्त्वाच्या फाइल्सची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवा आणि बिटलॉकर की कागदावर लिहून घ्या. आणि घरात किंवा मित्रांमध्ये कुणी "फॉरमॅट मारायला चाललोय" म्हणालं, तर त्याला आधी एवढंच विचारा: "लोगो येतो का?"